ऐकणारा दिसला पाहिजे

देवळातील जुन्या वस्तूंविषयी वाद घालणारे पुष्कळ आहेत. नव्या वस्तूंविषयी मात्र कोणी तोंड उघडीत नाही. ध्वनिक्षेपक आला, विजेचा नगारा आला, पडद्यावर दिसणारी आरती आली, आणि प्रत्येक वेळी "काळाबरोबर चालले पाहिजे" एवढे एकच वाक्य उच्चारून आपण ती ती वस्तू दारातून आत घेतली. यांपैकी बहुतेकांनी फारसे काही बिघडविले नाही. विजेचा नगारा कानास गोड लागत नसेल, पण तो निदान बहिरा आहे. आज जी वस्तू सभामंडपाच्या उंबऱ्याशी उभी आहे ती बहिरी नाही. म्हणूनच तिच्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ही वस्तू म्हणजे बॅटरीवर चालणारा, उचलून कोठेही नेता येणारा आणि नुसत्या हाकेने जागा होणारा स्मार्ट स्पीकर. त्यास हात लावावा लागत नाही. नाव घेऊन बोलाविले की तो सांगितलेले भजन लावतो, आजची तिथी विचारल्यास सांगतो, सांगितल्या वेळी घंटा वाजवितो. घरात तो स्वयंपाकघरातून माजघरात आणि माजघरातून देवघरात जातो. घरातून तो गणेशोत्सवाच्या मंडपात, अग्रशाळेत, समाजगृहात आणि सप्ताहाच्या ठिकाणी नेला जातो. नेणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पूजा सांगणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले, आरती करणाऱ्याच्या एका हातात पंचारती आणि दुसऱ्या हातात घंटी. अशा वेळी बटण कोणी दाबावे, असा प्रश्न विचारला जातो आणि हाकेवर चालणारे यंत्र हे त्याचे उत्तर म्हणून पुढे केले जाते. गाणे वाजविणाऱ्या यंत्राशी आमचे भांडण नाही. आमचे भांडण आहे ते त्याच्या अखंड उघड्या असलेल्या कानाशी, आणि तो कान चार माणसांच्या जागेत कोणालाही न विचारता आणून ठेवण्याच्या प्रघाताशी.

या कानाचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण त्यातच आमच्या म्हणण्याचे मर्म आहे. अमेझॉन कंपनीने २०१४ मध्ये अमेरिकेत 'एको' नावाचा स्पीकर आणला. तो भिंतीतील विजेवर चाले आणि 'अलेक्सा' अशी हाक मारताच जागा होई. खोलीच्या कोणत्याही कोपऱ्यातून बोललेले ऐकू यावे म्हणून त्यात एक नव्हे, सात मायक्रोफोन बसविले होते. पुढे २०१६ मध्ये त्याच कंपनीने 'टॅप' नावाचा बॅटरीवरचा, नेता येण्याजोगा स्पीकर काढला. त्याला मात्र हाक पुरत नसे. बोलण्यापूर्वी त्याच्यावरील बटण दाबावे लागे. कारण साधे होते. हाक ऐकावयाची तर कान सदैव उघडा हवा, आणि कान सदैव उघडा ठेवावयाचा तर बॅटरी सदैव खर्च होणार. २०१७ च्या फेब्रुवारीत कंपनीने नवी आज्ञावली पाठवून त्याच 'टॅप'ला बटणावाचून ऐकण्याची सोय दिली. त्याच वर्षी इतर कंपन्यांचेही नेता येण्याजोगे आणि हाकेवर जागे होणारे स्पीकर बाजारात उतरले. आपल्या देशात एको आला तोही २०१७ मध्येच. आणि २०१९ च्या डिसेंबरात अमेझॉनने खास भारतासाठी म्हणून बॅटरीवरचा एको विक्रीस काढला.

सुज्ञ वाचकांच्या लक्षात येईल की 'टॅप'वरचे ते बटण कोणा नीतिवेत्त्याने बसविले नव्हते. ते बॅटरी वाचविण्यासाठी होते. पण बॅटरी वाचविता वाचविता ते शिष्टाचारही सांभाळीत होते. बटण दाबले की यंत्र ऐकते, दाबले नाही तर ते ऐकत नाही, ही गोष्ट खोलीतल्या प्रत्येकास, लहान मुलासही, डोळ्यांनी दिसत होती. बॅटरीची अडचण दूर होताच बटण गेले, आणि त्याबरोबर तो शिष्टाचारही गेला. शिष्टाचार गेल्याची नोंद मात्र कोणी घेतली नाही, कारण तो तेथे होता हेच कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

आता देवळात काय बोलले जाते ते पाहू. गोव्यातील आणि दक्षिण कोकणातील देवळांत गाऱ्हाणे घालण्याची रीत आहे. देवापुढे उभे राहून भक्ताचे नाव, गाव, घरातले दुखणे, भावाभावांतला दावा, मुलीचे अडलेले लग्न, आखातात गेलेल्या मुलाची डळमळीत झालेली नोकरी हे सारे मोठ्याने सांगितले जाते, आणि भोवती जमलेली माणसे "व्हय म्हाराजा" म्हणतात. देवाला पाकळ्या लावून कौल घेतला जातो; कौल घेण्यापूर्वी प्रश्न उच्चारावा लागतो, आणि प्रश्न उच्चारणे म्हणजे मनातली शंका उघड करणे होय. घरच्या पूजेतही संकल्पात देश आणि काल, गोत्र आणि नाव, आणि ज्या हेतूने पूजा मांडली तो हेतू, हे सर्व स्पष्ट शब्दांत म्हटले जाते. सरकारी अर्जात मनुष्य जेवढी खरी माहिती भरीत नाही तेवढी तो संकल्पात देवापुढे ठेवतो.

यावर कोणी म्हणेल की, गाऱ्हाणे मोठ्यानेच घातले जाते. जे दहा माणसांनी ऐकले ते यंत्राने ऐकले तर काय बिघडले? हा आक्षेप वरवर बिनतोड दिसतो, परंतु गाऱ्हाण्याचे स्वरूप समजून न घेता तो केलेला आहे. गाऱ्हाणे ऐकणारी माणसे समोर उभी असतात. ती कोण आहेत हे गाऱ्हाणे घालणाऱ्यास ठाऊक असते. "व्हय म्हाराजा" म्हणताना ती त्या दुःखात आपला वाटा उचलतात, साक्षी होतात, आणि उद्या त्यांच्यापैकी कोणी ती गोष्ट बाहेर चेष्टेने सांगितली तर त्याला गावात तोंड दाखविणे कठीण होते. म्हणजे आपल्या परंपरेत ऐकणे ही एक जबाबदारी आहे. जो ऐकतो तो दिसतो, आणि जो दिसतो तो उत्तरदायी असतो. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर ऐकतो, पण "व्हय म्हाराजा" म्हणत नाही. त्याच्यामागे कोण आहे ते दिसत नाही, आणि ऐकलेले कोठे गेले हे विचारावयाचे झाल्यास कोणाच्या घरी जावे हेही भक्तास कळत नाही.

दुसरा आक्षेप यंत्र विकणाऱ्यांचा आहे, आणि तो अधिक सफाईदार आहे. ते म्हणतात की, यंत्र तुमचे बोलणे ऐकतच नाही. ते केवळ आपल्या नावाची वाट पाहते. यात तथ्य आहे, आणि ते आम्ही नाकारीत नाही. यंत्राच्या आतला एक लहानसा भाग कानावर पडणारा आवाज क्षणभर साठवितो, त्यात हाकेचा शब्द आहे काय ते तपासतो, नसेल तर तो आवाज पुसून पुढचा घेतो. हाक ओळखली गेली म्हणजे दिवा लागतो आणि तेथून पुढचे बोलणे इंटरनेटवरून कंपनीच्या दूरच्या संगणकांकडे जाते. योजना उत्तम आहे. परंतु तिचा सारा भार एका गोष्टीवर आहे: यंत्राने हाक बरोबर ओळखली पाहिजे. आणि ते ती नेहमी बरोबर ओळखीत नाही.

२०२० मध्ये जर्मनीतील बोखुम येथील रूर विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा यंत्रांना नभोवाणी-दूरचित्रवाणीसारखे बोलणे ऐकवून पाहिले, तेव्हा यंत्रे चुकून जागी होतील अशा एक हजाराहून अधिक शब्दरचना त्यांस आढळल्या. इंग्रजीतील 'इलेक्शन' हा शब्द ऐकून अलेक्सा जागी झाल्याचे त्यांनी नमूद केले आहे. हा अभ्यास इंग्रजी, जर्मन आणि चिनी या भाषांपुरताच होता. आपल्या अभंगांत, आरत्यांत आणि मंत्रांत अशा किती जागा दडल्या असतील याचा हिशेब त्यात नाही. त्याच्या आदल्या वर्षी, २०१९ च्या जुलैत, बेल्जियममधील व्हीआरटी या सार्वजनिक वृत्तसंस्थेच्या हाती गूगलच्या आवाजी साहाय्यकाने मुद्रित केलेले हजारांहून अधिक तुकडे लागले. त्यांपैकी १५३ तुकडे असे होते की त्यात हाक मारलेलीच नव्हती. शय्यागृहातील बोलणी, आईबाप आणि मुले यांच्यातील बोलणी, त्यात होती. २०१८ च्या मे महिन्यात अमेरिकेतील पोर्टलंड येथे एका दांपत्याचे घरातले संभाषण एकोने मुद्रित करून त्यांच्या परिचयाच्या एका माणसाकडे परस्पर पाठवून दिले. कंपनीने दिलेला खुलासा असा की, यंत्राने बोलण्याच्या ओघात आधी आपले नाव, मग 'निरोप पाठव', मग त्या माणसाचे नाव आणि शेवटी 'होय' असे ऐकले; म्हणजे चार वेळा चुकीचे ऐकले. खुलासा खरा असेल. पण जे यंत्र एका बैठकीत चारदा चुकीचे ऐकते त्याच्या कानावर देवघराची मर्यादा सोपवावी काय, हे वाचकांनीच ठरवावे.

बरे, चुकून ऐकलेले यंत्रातच राहते म्हणावे तर तसेही नाही. अलेक्साने टिपलेल्या बोलण्याचे काही नमुने यंत्राची समज सुधारण्यासाठी निरनिराळ्या देशांतील हजारो नोकर ऐकतात, असे ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने २०१९ च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध केले. त्या देशांत भारतही होता. मुलांच्या आवाजाची मुद्रणे आईबापांनी पुसावयास सांगूनही ठेवून दिल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अमेझॉनविरुद्ध कारवाई केली, आणि २०२३ मध्ये कंपनीने आरोप अमान्य करीत अडीच कोटी डॉलर भरण्याचे कबूल केले. ॲपल कंपनीने आपल्या 'सिरी'ने हाकेवाचून बोलणी टिपल्याच्या दाव्यात २०२५ च्या जानेवारीत, तेही दोष अमान्य करूनच, साडेनऊ कोटी डॉलरची तडजोड केली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये अमेझॉनने अमेरिकेतील आपल्या काही एको यंत्रांना असलेली 'आवाज बाहेर पाठवू नका' ही सोय काढून घेतली. ती सोय थोड्यांनाच होती हे खरे; पण दिलेली सोय कंपनीच्या मर्जीने परत घेतली जाते, हा धडा सर्वांसाठी आहे. आज ज्या अटींवर आपण यंत्र घरात घेतो त्या अटी उद्या तशाच राहतील, असा भरवसा आपल्या हाती नाही.

"आमच्यापाशी लपविण्यासारखे काहीच नाही" असे म्हणणारे सज्जन प्रत्येक गावात असतात. त्यांच्याविषयी आमच्या मनात आदर आहे. परंतु देवळात ते एकटे जात नाहीत. त्यांच्या मागे रांगेत एखादी विधवा उभी असते, जिला दिराविरुद्धचे गाऱ्हाणे घालावयाचे आहे. एखादा तरुण असतो, ज्याचे दुखणे अजून घरीही ठाऊक नाही. लपविण्यासारखे नसलेल्या माणसाने आपली मोकळीक दुसऱ्याच्या वतीने खर्च करू नये. याच मंडळींपैकी काही जण आणखी पुढे जाऊन म्हणतात की, देवही सर्व ऐकतोच. हा कोटिक्रम ऐकावयास बरा आहे. पण देवाने ऐकलेले कोणी विकत घेत नाही, ते तपासण्यासाठी नोकर नेमीत नाही, आणि त्याच्या आधारे कोणाला काय विकावे याचा अंदाज बांधीत नाही. देवाच्या कानाची बरोबरी व्यापाऱ्याच्या कानाशी करणे हे भक्तीचेही अज्ञान आहे आणि व्यापाराचेही.

कोणी असेही विचारील की, प्रत्येकाच्या खिशात टेलिफोन आहे आणि तोही हाकेवर जागा होतो. मग या बिचाऱ्या स्पीकरवरच राग का? राग स्पीकरवर यासाठी की त्याची घडणच वेगळी आहे. खिशातला फोन मुख्यतः धन्याचे ऐकण्यासाठी केलेला असतो. स्पीकर सगळ्या खोलीचे ऐकण्यासाठी केलेला असतो. फोनवरची हाकेची सोयही देवळात बंद ठेवावी, असेच आम्ही म्हणू. परंतु नेता येण्याजोग्या स्पीकरमध्ये दोन दोष एकत्र आले आहेत. भिंतीला बांधलेला स्पीकर ज्या घरात असतो त्या घराने तो निदान जाणूनबुजून घेतलेला असतो. बॅटरीवरचा स्पीकर पाय फुटल्यासारखा हिंडतो. त्याच्या धन्याने एकदा आपल्या घरी बसून अटी मान्य केल्या म्हणजे तो जेथे जेथे जाईल तेथील माणसांनीही त्या मान्य केल्या, असे गृहीत धरले जाते. यंत्र हिंडते, संमती मात्र घरीच राहते. आजाऱ्याच्या खोलीत डॉक्टर बोलतात, ओटीवर शेजारी बोलतात, भांडी घासणारी बाई आपल्या मुलीशी बोलते. यांपैकी कोणाला विचारले होते?

२०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ मध्ये संसदेने व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी जो कायदा केला त्यात संमती ही मोकळेपणाने, माहिती घेऊन आणि स्पष्ट होकारार्थी कृतीने दिलेली असावी, असे सांगितले आहे. स्पष्ट होकारार्थी कृती! बोटाने बटण दाबणे यापेक्षा अधिक स्पष्ट होकारार्थी कृती कोणती? कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे हे यंत्र असो वा नसो, बटणाचे समर्थन त्यांच्या शब्दांत आहे.

आता भाषेविषयी. हे नियतकालिक दोन भाषांत निघते, म्हणून या मुद्द्यावर गप्प बसणे आम्हांस शोभणार नाही. अलेक्सा भारतात आली ती इंग्रजी घेऊन. हिंदी ती २०१९ मध्ये शिकली. गूगलचा साहाय्यक २०१८ मध्ये फोनवर मराठी बोलू लागला. कोंकणीत दिलेली आज्ञा समजणारा स्पीकर आमच्या पाहण्यात आलेला नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लाख आणि कोंकणी सांगणारे सुमारे साडेबावीस लाख होते; १९९२ मध्ये कोंकणी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आली; परंतु बाजाराचे परिशिष्ट वेगळे आहे. परिणाम असा की इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरातील मुले यंत्राशी हिंदीत बोलतात, बेळगावातील मुले इंग्रजीत बोलतात, आणि फोंडा महालातील आजी, जिने आयुष्यभर मंगेशाशी आणि शांतादुर्गेशी आपल्या बोलीत भाषण केले, ती देवघरात बसून भजन लावण्यासाठी नातवाकडून दोन इंग्रजी शब्द पाठ करून घेते. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढून तीन वर्षांच्या आत लोकांनी आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम केला होता. ते फर्मान हरले आणि बोली राहिली. फर्मानाने जे साधले नाही ते सोयीने साधू नये, एवढीच आमची इच्छा आहे.

येथे आमच्यावर एक रास्त आक्षेप येतो. यंत्राने आपली भाषा शिकावी असे म्हणता, आणि त्याने आपला आवाज ऐकू नये असेही म्हणता. मग ते शिकणार कसे? याचे उत्तर आपल्या धर्मशास्त्रातच आहे. दान आणि अपहार यांत वस्तू तीच असते, हातही तेच असतात. फरक असतो तो संकल्पाचा. मोझिला या संस्थेने २०१७ मध्ये 'कॉमन व्हॉइस' नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात ज्याला वाटेल त्याने समोर दिलेली वाक्ये वाचून आपला आवाज जाणूनबुजून द्यावयाचा असतो. केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'भाषिणी' हा उपक्रम भारतीय भाषांतील संगणकीय व्यवहारासाठी हाती घेतला. अशा कार्यात गोव्यातील, बेळगावातील, वडोदऱ्यातील आणि हैदराबादेतील आपल्या लोकांनी आपला आवाज अवश्य द्यावा. अंत्रुजी, बारदेशी, साष्टी अशा साऱ्या बोलींनी द्यावा. ते दान होईल. देवघरात रडणाऱ्या बाईचा आवाज तिच्या नकळत उचलून भाषा शिकणे हे दान नव्हे.

आणखी एक आक्षेप आहे, आणि तो या सर्वांत वजनदार आहे. ज्यांस डोळे नाहीत, ज्यांचे हात चालत नाहीत, जे अंथरुणास खिळले आहेत, त्यांस हाकेवर चालणारे यंत्र हा केवढा आधार आहे! रात्री पाणी मागावयाचे झाले तर मुलाला बोलाविता येते, वेळ विचारता येते, मन रमविण्यास कीर्तन लावता येते. या आक्षेपापुढे आम्ही मान लववितो. अशा माणसाच्या उशाशी हे यंत्र सदैव जागे असावे, आणि त्यासाठी त्याने कोणाची क्षमा मागण्याचे कारण नाही. पण तेथे यंत्र हाकेवर ठेवण्याचा निर्णय त्या माणसाचा स्वतःचा असतो आणि यंत्राचा कान त्याच्या गरजेसाठी उघडा असतो. हातपाय धड असलेल्या मंडळींनी अपंगाची गरज पुढे करून आपला आळस सभामंडपात आणू नये. अपंगासाठी उतरण बांधावी हे योग्य. म्हणून देवळाचा दरवाजाच काढून टाकावा असे कोणी म्हणत नाही.

आणि आरतीच्या वेळी हात गुंतलेले असतात या युक्तिवादाचे काय? आरतीच्या वेळी मंडपात पन्नास माणसे उभी असतात. झांज वाजविणारा असतो, शंख फुंकणारा असतो, काही न करता उभा राहणाराही असतो. त्यांपैकी एका मुलाला बटणाशी बसविले तर त्याला सेवेचा आनंद मिळेल. जेथे पन्नास माणसांत बटण दाबणारे एक बोट मिळत नाही तेथे उणीव यंत्राची नाही.

नुसती टीका करून थांबणे बरे नव्हे. म्हणून आम्ही काय मागतो तेही सांगतो. यंत्र करणाऱ्यांकडे आमची मागणी अशी की, जो स्पीकर बॅटरीवर चालतो आणि उचलून नेता येतो तो विकताना बटणावर चालणारा असाच विकावा; ज्याला हाकेची सोय हवी त्याने ती स्वतः सुरू करून घ्यावी. आज बहुधा याच्या उलट आहे: कान उघडा येतो आणि मिटावयाचे बटण वेगळे असते. मिटण्याचे बटण आणि उघडण्याचे बटण यांत मोठा फरक आहे. पहिल्यात विसरणाऱ्याचे बोलणे बाहेर जाते, दुसऱ्यात विसरणाऱ्याचे बोलणे घरात राहते. शिवाय यंत्र नव्या इंटरनेट-जोडणीवर गेले, म्हणजे घराबाहेर पडले, हे यंत्रास कळते. तेव्हा त्याने आपण होऊन हाकेची सोय बंद करावी आणि बटणावर यावे. आज्ञा यंत्रातल्या यंत्रातच समजून घ्यावी आणि आवाज बाहेर पाठवूच नये, ही मागणीही अशक्य कोटीतली नाही. सोनोस कंपनीने २०२२ मध्ये अमेरिकेत आणलेली आवाजी आज्ञेची व्यवस्था नेमकी अशी आहे; तीत आवाज यंत्राबाहेर जात नाही. जे एकाला जमले ते इतरांना जमणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

देवस्थानांच्या महाजनांस आणि समित्यांस आमची विनंती अशी की, येत्या आमसभेत या विषयावर एक ठराव करावा. गाभारा, चौक, सभामंडप आणि अग्रशाळा या ठिकाणी हाकेवर जागे होणारे कोणतेही यंत्र असू नये. भजने वाजवावयाची तर कान नसलेला साधा स्पीकर चालेल, किंवा बटणावरचा चालेल. भाविकाने आपला स्पीकर आणला तर त्याचा मायक्रोफोन बंद केल्याचे त्यास नम्रपणे विचारावे, जसे चपला बाहेर काढल्या काय ते विचारतो. गाऱ्हाणे घालण्याच्या आणि कौल घेण्याच्या वेळी तर यात सवलत असू नये. यासाठी पैसा लागत नाही, फलक लागला तर एकच लागतो. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा आणि हैदराबाद येथील आपली मंडळे आणि समाजगृहे यांनीही गणेशोत्सवापूर्वी हा नियम करावा. गृहस्थांनी एवढेच करावे: भटजी संकल्प सांगू लागले, पाहुणा मन मोकळे करू लागला, किंवा घरात कोणी रडत असले, तर आधी तो कान मिटावा.

आमच्या पिढीतील काही वाचकांना १९६१ पूर्वीचा गोवा आठवत असेल. छापावयाचा मजकूर तेव्हा परीक्षकाच्या हातून गेल्याशिवाय वाचकांपर्यंत पोचत नसे. माणसे घरात मात्र मोकळी बोलत, कारण घराला कान नाहीत याची त्यांस खात्री होती. आणि देवळात त्याहून मोकळी बोलत. त्या सत्तेची आणि आजच्या व्यापाराची आम्ही बरोबरी करीत नाही. परंतु ज्या दोन जागा त्या काळातही मोकळ्या राहिल्या त्या आपण स्वातंत्र्यात, पाच हजार रुपये मोजून, हौसेने परक्या कानापुढे उघड्या कराव्यात, हे काही शहाणपणाचे लक्षण नव्हे. ज्याला आमचे ऐकावयाचे आहे त्याने समोर यावे, आम्हांला दिसेल असे बसावे, आणि ऐकल्यावर "व्हय म्हाराजा" म्हणण्याची तयारी ठेवावी. ज्याची ती तयारी नाही त्याच्यासाठी बटण आहे.